हिरवी साय आणि लंगडं बदक

सुतान घरात आला त्या दिवशी रोसमाने मनातल्या मनात म्हटलं होतं, ‘आली गं बाई, फाटकी चटई आली!’ आज त्र्याहत्तरी गाठल्यावर ती हे आपल्याच तोंडाने कबूल करते, आणि कबूल करताना इतकी हसते की तोंडातलं पान सांभाळायला ओढणीचं टोक ओठांवर दाबून धरावं लागतं.

सिपिनांगच्या तळ्याकाठी घर बायकांचं, शेत बायकांचं. नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो आणि जन्मभर पाहुणा म्हणून राहतो. अशा पाहुण्यांच्या जातीही जुन्या लोकांनी लावून ठेवल्यात. पोरं देऊन उडून जाणारा तो हिरवी माशी. घरात शिरून काड्या लावणारा तो खाजकुयली. आणि कुठल्याच कामाचा नाही, पण उचलून टाकावंसंही वाटत नाही, तो फाटकी चटई.

सुतान होता समुद्रकाठचा. खारवलेले मासे वाळवणाऱ्यांच्या घरातला. रोसमाची धाकटी बहीण सारिफा त्याला बाजारात भेटली आणि तिने हट्टच धरला. वरात ट्रकमधून आली. डोंगरातल्या चव्वेचाळीस वळणांपैकी तिसाव्या वळणावर नवरदेवाने पोटातलं सगळं बाहेर काढलं, आणि घरी पोचल्यावर मानपान, भाषणं, सगळं सोडून ओसरीवरच्या चटईवर जो आडवा झाला तो दुपार टळेपर्यंत उठलाच नाही. तो जिवंत आहे ना, हे रोसमा दोनदा बघून आली.

उठला तो सरळ घाटाच्या पायऱ्या उतरून तळ्यावर गेला. ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, जिभेवर थेंब घेतला आणि वर बघून म्हणाला, “याच्यात मीठ नाही!”

पाण्याला आलेल्या बायका हसून हसून पायऱ्यांवर बसल्या.

रोसमा म्हणाली, “सुतान, उद्यापासून तुम्हीच टाका. चवीपुरतं!”

त्याचं पाळण्यातलं नाव इद्रिस. पण सासुरवाडीत जावयाला त्या नावाने हाक मारायची नाही, लग्नात मिळालेल्या पदवीनेच मारायची, म्हणून तो सुतान. मान असा ठेवायचा, आणि मग मनसोक्त टोमणे मारायचे. रोसमाला ही रीत फार आवडायची.

पाणी चाखायची त्याची खोड मात्र गेली नाही. रोज सकाळी घाटावर ओंजळ, नाक, जीभ. गावाने त्याला ‘पाणीचाख्या’ करून टाकलं. सारिफा वरच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघायची आणि विचारायची, “काय म्हणतंय आज?” तोही गंभीरपणे सांगायचा, “आज जरा गार आहे, पण रागावलेलं नाही.”

आणि काय पाणी होतं ते! कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसायची. तांदूळ धुताना एखादा दाणा सुटला तर तो तळाला जाऊन टेकेपर्यंत दिसायचा. रोसमा आणि सारिफा लहानपणी असे दाणे मुद्दाम सोडायच्या आणि कुणाचा आधी टेकतो यावर भांडायच्या. दुपारी डोंगराची सावली उतरली की निळं पाणी जांभळं व्हायचं. एवढं निळं की खालच्या गावातल्या बाया म्हणायच्या, “तुमच्या तळ्यात धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना नीळ लागत नाही.” खोटंच. पण सिपिनांगकरांनी ते कधी खोडून काढलं नाही.

मग डोंगराच्या उतारावर कांदा आला. लालचुटूक, बारका, बाजारात हातोहात जाणारा. पहिल्यांदा वरच्या पट्ट्यांत, मग मधल्या, मग थेट पाण्याच्या काठापर्यंत वाफे उतरले. कोंबडखताची पोती आली, पांढऱ्या दाण्यांच्या खताची आली. रोसमानेही लावला. का नाही लावणार? तिच्या लेकीचं, देलिमाचं लग्न त्या कांद्यावरच उभं राहणार होतं.

त्या वर्षी एकच मोठा पाऊस झाला. सगळ्या वाफ्यांचं खत धुऊन तळ्यात उतरलं आणि त्यानंतर वारा पडला तो पडलाच. ऊन असं की घाटाच्या पायरीवर अनवाणी उभं राहवेना. लग्नाला तीन दिवस उरले होते. सुतान नेहमीसारखा सकाळी ओंजळ भरायला वाकला आणि तसाच थांबला. चाखलं नाही. पाणी खाली सोडून हात पायरीला पुसला.

दुधावर साय धरावी तशी पाण्यावर हिरवी साय धरली होती. काठाला तर जणू कुणी रंगाचा डबा उपडा केलेला.

“उनी,” तो रोसमाला म्हणाला, कारण बायकोच्या थोरल्या बहिणीला उनीच म्हणायचं, “उनी, तुमची बदकं आज पाण्यात सोडू नका.”

“का? त्यांना पोहता येतं, सुतान. तुमच्यासारखी ट्रकमधून आलेली नाहीत ती.”

“आमच्याकडे समुद्राला असा रंग चढला की शिंपल्यातल्या तिसऱ्या खात नाहीत. माझ्या बापाने खाल्ल्या. उकळून खाल्ल्या. आधी ओठ बधिर झाले, मग हात. दुपारपर्यंत श्वास संपला.”

अकरा वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. पण रोसमा कसली ऐकतेय! “तो तुमचा समुद्र. हे आमचं तळं. याला आम्ही जन्मापासून ओळखतो,” म्हणाली आणि वर निघून गेली.

त्याच दिवशी पहाटे मासे काठाला आले होते. तोंडं वर, गुंगल्यासारखे, हाताने उचलावेत असे. गाव टोपल्या घेऊन धावलं. असं पूर्वीही व्हायचं. तळ्याच्या पोटातून कधीकधी गंधक उसळतं, मासे गुंगतात, आणि त्या दिवशी गावभर फुकटची मेजवानी. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट सगळे म्हणाले, रोसमाचं नशीब बघा! लग्नाच्या आठवड्यात तळ्यानेच आहेर पाठवला. लहान मासे, मोठे मासे, आणि तळातल्या नखाएवढ्या तिसऱ्या, टोपल्याच्या टोपल्या.

दुपारी घरातल्या पुरुषांची बैठक बसली. मधोमध रोसमाचा थोरला भाऊ, घराण्याचा दातुक, म्हणजे देलिमाचा मामा. घरातला शेवटचा शब्द त्याचा. सुतान आपल्या जागेवर, दाराजवळ, चपलांच्या शेजारी. बैठकीत जावयाने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि विचारत कुणीच नसतं.

सुतान खोकला. दोनदा. मग त्याने हातातल्या कॉफीच्या पेल्याकडे बघितलं आणि पेल्याशी बोलायला लागला.

“पेल्या, गंधकाचं पाणी दुधासारखं पांढरट असतं म्हणतात. सडक्या अंड्यांची घाण येते. हे तर हिरवं आहे. याला बुरशी धरलेल्या मातीचा वास आहे. हे मासे लग्नात वाढू नयेत, पेल्या. हे पाणीही चुलीवर चढवू नये.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. रीत तर मोडली नव्हती. पेल्याशी बोलू नये असं कुठे म्हटलंय? आत पडद्यामागे सारिफाने ओठ चावला, आणि रोसमाने सारिफाला चिमटा काढला.

दातुकही काही कच्चा नव्हता. त्याने पानाचा डबा पुढे ओढला. “पानाच्या डब्या, त्या पेल्याला सांग, आमचे आजोबा या तळ्यातले गुंगलेले मासे खाऊन नव्वद वर्षं जगले. मीठ शोधायला आलेल्यांनी आम्हाला गोडं पाणी शिकवू नये.”

हशा झाला. विषय संपला. चारशे माणसांच्या पंगतीत मासे वाढायचे हे ठरलं.

सुतानने पेला खाली ठेवला आणि उठला. लग्नघरात पाणी भरणं आणि लाकडं फोडणं हे जावयांचं काम, आणि त्या कामात दातुकालाही ढवळाढवळ करता येत नाही. कुठून भरायचं हे जावयाच्या पायांवर. त्याने कावड घेतली, दोन डबे लावले आणि तळ्याकडे पाठ करून डोंगर चढायला लागला. वर झरा आहे. जायला तास, भरून यायला दीड.

रोसमा अंगणातून ओरडली, “अहो, तळं इकडे आहे! काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“कळसा नासलाय, उनी,” तो न वळता म्हणाला.

दोन खेपा त्या दिवशी, चार दुसऱ्या दिवशी. खांद्याची साल निघाली. मसाला वाटणाऱ्या बायकांनी त्याच्यावर गाणं रचलं. त्यातली निम्मी कडवी रोसमाची.

लग्नाच्या आदल्या सकाळी रोसमाने बदकांचं खुराडं उघडलं. आठ बदकं. खरं सांगायचं तर दोन दिवस ती त्यांना कोंडून ठेवत होती. मनात कुठेतरी सुतानच्या बापाचे ओठ होते. पण त्या सकाळी शेजारीण म्हणाली, “काय गं, तूसुद्धा पाणीचाख्याचं ऐकायला लागलीस की काय?” झालं! रोसमाने फाटक उघडलं ते मुद्दाम सुतानच्या डोळ्यांसमोर. “जा गं बायांनो, आंघोळी करा. लग्न आहे घरात!”

सुतान कावड टाकून धावला. सात निसटली. एक हाती लागलं. ते त्याने कांद्याच्या टोपलीखाली उपडं झाकलं आणि टोपलीवर दगड ठेवला.

“माझं बदक सोडा!”

“उद्या सोडतो.”

“बदक माझं!”

“टोपली माझी.”

घटका-दोन घटका गेल्या असतील. रोसमा तांदूळ धुवायचं निमित्त करून घाटावर उतरली. सातही बदकं हिरव्या सायीत पडलेली. दोन पाय झाडत होती. मान उचलताच येत नव्हती कुणाची, पिठाच्या गोळ्यासारख्या माना पाण्यावर टाकलेल्या. सर्वांत थोरल्या बदकाने तिच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि तेही कलंडलं.

रोसमाच्या हातातली परात पाण्यात पडली. ती तिने काढली नाही.

वर परसात वीस बायका त्या पहाटेही काठाला लागलेले मासे साफ करत होत्या, आणि तिसऱ्यांची कढई चुलीवर चढली होती. रोसमा आली, कढईचे कान फडक्याने धरले आणि सगळी कढई राखेच्या खड्ड्यात ओतली. मग टोपल्या. एक, दोन, पाच, नऊ. कुणीतरी किंचाळलं. दातुक ओसरीवरून धावत आला.

“रोसमा! अंगात आलंय का तुझ्या? तळ्याकाठचं लग्न आणि ताटात मासा नाही? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील रोसमा कंजूष आहे. म्हणू दे. म्हणायला जिवंत तर राहतील!”

“मी शब्द दिलाय!”

“शब्द तुझा, दादा. घर माझं, चूल माझी, कढई माझी.” मग ती दाराकडे वळली. सुतान कावडीसकट उभा होता, खांद्यावर रक्ताचा डाग. त्याच्याकडे तिला बघवेना. म्हणून ती त्याच्या डब्याशी बोलली, “डब्या, झऱ्याचं पाणी आणखी किती लागेल?”

“चाळीस खेपा,” सुतान म्हणाला. “एकट्याने नाही व्हायच्या.”

आणि मग सिपिनांगने जे बघितलं ते पुन्हा कधी दिसायचं नाही. घराण्यातले चौदाच्या चौदा जावई, त्यात एक शाळामास्तर, एक पोट सुटलेला दुकानदार, सगळे एका ओळीत कावडी घेऊन डोंगर चढताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे फाटकी चटई.

पंगतीत मांस मसाल्यात आटवून केलेलं रेंदांग होतं, कोवळ्या फणसाचा नारळाच्या दुधातला रस्सा होता. मासा नव्हता. नवऱ्याकडच्या बायकांनी जेवताना टोमणे मारले, “तळं आटलं वाटतं!” रोसमाने ते गिळले. जन्मात पहिल्यांदा गिळले. तिसऱ्या दिवशी बातमी आली. पलीकडच्या काठावर ज्यांनी मासे आणि तिसऱ्या खाल्ल्या ती माणसं ओकून ओकून अंथरुणाला खिळली, आणि तळ्याचं पाणी प्यालेल्या दोन म्हशी गेल्या. माणसं वाचली सगळी, पण एक म्हातारा महिनाभर पिवळाच होता.

पुढे बाटल्या घेऊन सरकारी माणसं आली. त्यांच्यातली एक चष्मेवाली बाई घाटावर बसून सांगत होती, हे शेवाळ आहे, एकेकटं डोळ्यांना न दिसणारं, खत मिळालं आणि वारा पडला की फोफावतं. याचं विष उकळून जात नाही. सगळं गाव ऐकत होतं. सुतान मागे उभा होता. नुसता हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. दातुकाने पानाचा डबा झटकन पिशवीत घातला.

पुढच्या बैठकीला सुतानची चटई दाराजवळून उचलून दोन हात आत टाकलेली होती. कुणी टाकली हे कुणी विचारलं नाही. दातुक छताकडे बघत होता.

तळं मात्र पूर्वीचं राहिलं नाही. वाऱ्याने, थंडीने निवळायचं, पण उन्हाळा पडला की साय. घाटावर पाटी लागली, पोहू नये, पिऊ नये. रोसमाने काठाजवळचे आपले चार वाफे मोडून तिथे गवत वाढू दिलं. शेजारणीने नाही मोडले. थंडीतल्या एखाद्या सकाळी पाणी पुन्हा निळं दिसतं, आणि मग रोसमा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावते, जणू दूरदेशी गेलेलं कुणी परत आलंय.

आणि ते आठवं बदक? ते टोपलीतून निघालं ते लंगडत. लग्न उरकल्यावर रोसमाला जरा फुरसत झाली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “माझ्या धडधाकट बदकाचा पाय कुणी मोडला?”

“ते आधीच लंगडं होतं, उनी. लंगडं होतं म्हणून तर सापडलं! धडधाकट सात माझ्या हाती लागली का?”

“तुम्ही कोंबलंत म्हणून लंगडं झालं!”

“त्याच्या पायाला लाल चिंधी होती आधीपासून. सारिफाने बांधलेली.”

“ती नंतर बांधली!”

सारिफाला विचारलं तर ती म्हणायची, “मला आठवत नाही बाई,” आणि हसायची. तिला पक्कं आठवत होतं. पण नवरा आणि बहीण इतक्या गोडीने भांडतायत तर ती कशाला मोडता घालेल? बदक सहा वर्षं जगलं, म्हातारं होऊन मेलं. वाद काही मेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी सारिफा गेली. बायको गेली की जावयाचा त्या घराशी संबंध संपतो. रीत आहे, त्याने आपल्या बहिणीच्या घरी परतायचं. तिच्या शंभराव्या दिवसाची प्रार्थना उरकली आणि दुसऱ्या सकाळी सुतान पिशवी घेऊन पायरीशी आला. एवढीशी पिशवी. एकोणतीस वर्षांची.

“कुठे?” रोसमा पान लावत होती.

“बहिणीकडे. किनाऱ्यावर. रीत आहे, उनी.”

“रीत मला शिकवता? बदकाचं काय ठरलं?”

“कुठलं बदक?”

“कुठलं म्हणजे! वाद अर्धा टाकून पळता? तुम्हीच त्याचा पाय मोडलात हे कबूल करा, आणि खुशाल जा.”

सुतानने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “खोटं कसं कबूल करू?”

“मग बसा.”

तो बसला. पिशवी माळ्यावर गेली. दातुक तेव्हा थकला होता, त्याला कुणीतरी जाऊन सांगितलं की रीत मोडतेय. तो म्हणाला, “वाद चालू असताना घर सोडायचं नाही, हीपण रीतच.” अशी रीत नव्हती. पण दातुकाने सांगितली म्हणजे झाली.

गेल्या महिन्यात देलिमा आली. जावा बेटावर राहते, दोन वर्षांनी एकदा येते. आली की आईचं घर झटकते. भिंतीवर तिच्याच लग्नाआधीचा फोटो होता, लग्नाचे कपडे आले तेव्हा फिरत्या फोटोवाल्याकडून घाटावर काढलेला. सोनेरी कागदाची रुंद पट्टी लावलेली चौकट. काच तडकली होती म्हणून तिने फोटो बाहेर काढला.

“आई, हे बघ! पट्टीखाली केवढा फोटो झाकला गेला होता.”

रोसमाने बघितला. मधे देलिमा, वीस वर्षांची, डोक्यावर सोन्याचा डोलारा. आणि पट्टीखाली दबलेल्या कोपऱ्यात, वरच्या पायरीवर, सारिफा. उकिडवी बसलेली, मांडीत बदक, दोन्ही हातांनी त्याच्या पायाला काहीतरी बांधतेय आणि हसतेय.

सत्तावीस वर्षं दोघं त्या फोटोखाली बसूनच भांडत होते.

सुतान चष्मा पुसत जवळ आला. सारिफाकडे त्याने खूप वेळ बघितलं. बोटाने फोटोचा कोपरा सारखा केला. मग घसा खाकरला.

“उनी, यातलं पाणी कसं आहे?”

“आहे तसंच आहे.”

“रंग?”

रोसमाने ओढणीने डोळे टिपले. “निळं. किती निळं होतं हो, सुतान.”

“म्हणजे साय यायच्या आधीचं. म्हणजे टोपलीच्या आधीचं. आणि पायाला काय आहे?”

“चिंधी.”

“कुठल्या रंगाची?”

“आंधळे आहात का? लाल!”

देलिमा एकदा आईकडे, एकदा मावशीच्या नवऱ्याकडे बघत होती. रोसमाने पान तोंडात टाकलं, चावलं, आणि शेवटी पुटपुटली, “बरं. होतं लंगडं आधीपासून.”

सुतानने शेजारचा कॉफीचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. “जरा मोठ्याने. पेल्याला ऐकू आलं नाही.”

“होतं लंगडं! झालं समाधान?” मग तिने चटकन माळ्यावरच्या पिशवीकडे नजर टाकली. “आणि एवढ्याने सगळं मिटलं असं समजू नका. लग्नाच्या रेंदांगात मीठ दोनदा कुणी घातलं, ते अजून राहिलंय.”

“ते नंतर बघू. आज झऱ्याचं पाणी हरणाऱ्याने आणायचं.”

झऱ्याचा नळ आता घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आलाय. चाळीस पावलंसुद्धा नाहीत. तरी रोसमा कळवळली, “माझे गुडघे बघा तरी!”

“लंगडत जा. मी काही टोपलीत कोंबलं नव्हतं तुम्हाला.”

रोसमाने कळशी उचलली आणि गेली.